अजून किती राहिलं?



चातुर्मास संपतो, तुळशीची लग्नं लागतात आणि आपल्या घरांतल्या गाड्या रस्त्यावर येतात. कुणाच्या भाचीचं लग्न, कुणाची डॉक्टरची तारीख, कुणाला संभाजीनगरहून बस्ता बांधून आणायचा असतो. आणि नेमक्या याच दिवसांत सूर्य सगळ्यात लवकर मावळतो. मग परतीच्या गाडीत तो प्रश्न सुरू होतो, अजून किती राहिलं? एरवी तो मुलांचा प्रश्न. हिवाळ्यात चार वाजून गेले की तो मोठ्यांचा होतो. गाडी चालवणाऱ्याची एक नजर रस्त्यावर, एक मोबाईलमधल्या आकड्यावर आणि एक सूर्यावर. नजरा तीन आणि डोळे दोनच.

चौविहार गाठण्यासाठी गाडी पळवण्याची जी पद्धत आपल्यात रूढ होते आहे, ती मला चुकीची वाटते. व्रत पाळणाऱ्या घरांतच ती जास्त दिसते, म्हणून आपल्यातच बोलायला हवी. बाहेरच्यांना हा प्रश्न कळणारही नाही. त्यांच्या दृष्टीने अर्धा तास उशीर म्हणजे अर्धा तास उशीर. आपल्याकडे त्या अर्ध्या तासात ताट उचललं जातं.

आधी सूर्याचा हिशोब करू, कारण पुष्कळ घरांत तोच कच्चा असतो. आपल्या जिल्ह्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. जूनच्या शेवटी तोच सातनंतर दहाएक मिनिटांनी होतो. सव्वा तासाहून जास्त फरक झाला. ज्या घरात सूर्यास्ताच्या दोन घडी आधी, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण उरकायचा नेम आहे, तिथे डिसेंबरात पाचच्या आत ताट उचललेलं हवं. म्हणजे उन्हाळ्यात ज्या कामाला साडेपाचला शहरातून निघालं तरी चालत होतं, त्याच कामाला हिवाळ्यात चारला निघायला हवं. हे आपल्याला माहीत असतं, पण निघताना आठवत नाही, कारण अंगाला उन्हाळ्याची सवय राहिलेली असते.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची. मुंबईच्या वेळा छापलेली दिनदर्शिका आपल्याकडे सर्रास लावलेली असते. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. मुंबई आपल्या पश्चिमेला जवळजवळ अडीच अंश आहे, म्हणून तिथला सूर्यास्त आपल्यापेक्षा दहाएक मिनिटं उशिरा. मुंबईची वेळ पाहून देवगावात पाणी पिणाऱ्या बाईने शेवटचा घोट सूर्य बुडाल्यावर घेतलेला असतो आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. उलट नागपूर आपल्या पूर्वेला पावणेचार अंश. तिथे सूर्य पंधराएक मिनिटं आधीच जातो. नागपूरच्या माहेरवाशिणीने इकडे फोन करून "आमचं झालं बाई, तुम्ही अजून जेवताय?" असं विचारलं तर दोघीही बरोबर असतात.

आता रस्त्याचा हिशोब. समजा सूर्यास्ताला पंधरा मिनिटं उरली आहेत आणि घर वीस किलोमीटरवर आहे. साठच्या वेगाने वीस मिनिटं लागतील. ऐंशीने पंधरा आणि शंभरने बारा. म्हणजे जीव मुठीत धरून शंभरने गाडी हाकली तर मिळतात आठ मिनिटं. त्यातही गावात शिरणं आलं, फाटक उघडणं आलं, चपला काढून हात धुणं आलं, ताट वाढणं आलं. हातात राहिला एक घास आणि अर्धा पेला पाणी. त्या एका घासासाठी गाडीतल्या पाच माणसांचे आणि रस्त्यावरच्या किती जीवांचे प्राण आपण पणाला लावले, याचा हिशोब कोणत्याच मोबाईलमध्ये दिसत नाही.

आणि आपला रस्ता कसला आहे? संभाजीनगरहून देवगाव रंगारीकडे संध्याकाळी यायचं म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून यायचं. हिवाळ्यात मावळता सूर्य सरळ काचेत येतो. कसाबखेडा फाटा सोडला की कापसाच्या गाड्या, मक्याने भरलेले ट्रॉली, उसाचे ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, लाल पट्टी लावलेली असली तर धुळीने माखलेली. ट्रॉलीच्या मागे कडबा बाहेर आलेला असतो तो उन्हात दिसतच नाही, रस्त्याच्याच रंगाचा. त्यात शेतातून परतणाऱ्या बाया, डोक्यावर गवताचा भारा, मागे शेळी. आठवडी बाजाराचा दिवस असेल तर विचारूच नका. साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते, ऐंशीला बावीस. मोबाईलवर "किती राहिलं" एवढंच पाहायला दोन सेकंद लागले, तर ऐंशीच्या वेगात चव्वेचाळीस मीटर रस्ता कुणीच पाहिलेला नसतो. त्या चव्वेचाळीस मीटरांत ती शेळी असू शकते आणि ती बाईही.

आपल्या साधू-साध्वींना ईर्यासमिती आहे. चालताना समोरची चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचं. चार हात का? कारण चालण्याच्या वेगात तेवढ्यात थांबता येतं, पाऊल वळवता येतं. जेवढ्या अंतरात थांबता येतं तेवढं अंतर नजरेखाली असलं पाहिजे, असा त्याचा अर्थ मी घेते. ऐंशीच्या वेगात गाडी पूर्ण थांबायला पन्नास-साठ मीटर लागतात. म्हणजे गाडी चालवणारीची ईर्यासमिती चार हातांची नाही, पन्नास-साठ मीटरची आहे. गृहस्थाला समिती नसते, यतना असते, असं कुणी म्हणेल. यतना म्हणा. चुलीत काडी घालताना मुंगी आहे का पाहणाऱ्या आपण, गाडीत बसल्यावर यतना घरी ठेवून येतो का?

पण गाडी हळू चालवा हे तर सरकारही सांगतं. मला बोलायचं आहे ते चौविहाराबद्दल.

चौविहार म्हणजे काय? सूर्यास्तापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चारही आहारांचा त्याग. अशन, पान, खादिम, स्वादिम. या पच्चक्खाणात "सूर्यास्तापूर्वी जेवलंच पाहिजे" असं कुठे आहे? नाही. रात्री घ्यायचं नाही, एवढंच आहे. म्हणजे आपण सूर्यास्तानंतर घरी पोहोचलो, काही न खाता झोपलो, तर चौविहार मोडला का? मुळीच नाही. चौविहार अगदी व्यवस्थित पाळला गेला. चुकलं ते जेवण. गाडी जी पळवली जाते ती व्रतासाठी नाही, जेवणासाठी पळवली जाते आणि नाव व्रताचं घेतलं जातं. हे मला फार खटकतं. तरुण मुलं हे बघतात आणि म्हणतात, तुमच्या धर्मापायी एवढी पळापळ. धर्माने पळायला सांगितलेलंच नाही.

पच्चक्खाणाला आगार ठेवलेले आहेत, म्हणजे सवलती. नकळत झालं तर, अचानक झालं तर, थोरांची आज्ञा असेल तर, आणि जीवाला समाधी राहत नसेल इतकं दुखणं असेल तर. नेमांची घडी बसवणाऱ्यांनी माणसाचा किती विचार केला होता बघा. पण त्यांत गाडीने सिग्नल तोडण्याचा आगार नाही.

याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्यासमोर रोज चालत असतो. कार्तिकी पौर्णिमेनंतर साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. रस्त्याच्या कडेने पांढरी वस्त्रं दिसू लागतात. त्यांचाही प्रश्न तोच, अजून किती राहिलं? आणि गावकऱ्याचं उत्तरही ठरलेलं, "हे काय, इथंच." आपल्याकडचं "इथंच" दोन किलोमीटरचंही असतं आणि सहाचंही. ज्यांनी विहारसेवा केली आहे त्यांना हे माहीत आहे. महासतीजींच्या बरोबर चालताना पुढच्या मुक्कामाचं अंतर कितीदा तरी विचारलं जातं, कारण त्यांना सूर्यास्तापूर्वी ठिकाणी पोहोचायचं असतं. त्यांचा नेम आपल्यापेक्षा किती कडक! रात्री पाण्याचा थेंब नाही, आगारांच्या आडोशाने तर नाहीच. पण सूर्य खाली आला आणि गाव आलं नाही, तर त्या धावत नाहीत. वाटेत शाळा असेल तर शाळा, कुणाच्या मळ्यातली पडवी मिळाली तर पडवी. आज्ञा मागून तिथेच थांबतात. ज्यांचं व्रत सगळ्यात मोठं, त्या सगळ्यात कमी घाई करतात. आणि आपण ज्यांचं व्रत छोटं, त्यांच्याच शेजारून ऐंशीने धूळ उडवत जातो.

विहारात साधू-साध्वींना वाहनाने उडवल्याच्या बातम्या आपण दरवर्षी ऐकतो. ऐकून हळहळतो, गुणानुवाद सभा होते, कुणी तरी अंधारात चालू नये म्हणून सांगतं, सोबत चालणाऱ्यांना चमकत्या पट्टीचे जॅकेट दिले जातात. हे सगळं चांगलंच आहे. पण वाहन चालवणाऱ्यांत आपल्या समाजातल्या गाड्याही असतात, आणि त्याही संध्याकाळी घाईत असतात, ही गोष्ट सभेत कुणी बोलत नाही.

एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. आम्ही कुठे चालवतो, ड्रायव्हर चालवतो. बरं. श्रावकाच्या व्रतांत करणं आणि करवणं दोन्ही आलेलं आहे. "जरा हाण रे, आमचा चौविहार आहे" असं ज्याला सांगितलं, त्याने जे केलं ते आपण करवलं. तो बिचारा रात्री दहाला आपल्या घरी जेवणार आहे, त्याला सूर्याशी काही देणंघेणं नाही. त्याच्या पायाखालचा वेग आपला आहे. आणि न सांगताही वेग वाढवता येतो. दर पाच मिनिटांनी मागच्या सीटवरून घड्याळ बघून सुस्कारा टाकला की पुरतं. नवरा चालवत असेल तर तेवढंही लागत नाही.

म्हणून माझ्या मते किलोमीटर बघणं हे चालवणाऱ्याचं कामच नव्हे. बाजूला बसलेलीने बघावं. मोबाईल तिच्या हातात असावा. आपल्या कायद्याने २०२० पासून गाडी चालवताना मोबाईल केवळ रस्ता पाहण्यासाठी वापरायला परवानगी दिली आहे, तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. एकटीने चालवायची वेळ असेल तर आवाज चालू ठेवावा, वळण आलं की तो सांगतोच. किती राहिलं ते ऐकायला लागत नाही.

नकाशात दिसणाऱ्या वेळेबद्दलही थोडं सांगते, कारण त्यावर आपला फार भरवसा असतो. "५.३८ ला पोहोचाल" असं दिसलं की आपण पावणेसहाचा सूर्यास्त आणि ५.३८ यांची वजाबाकी करून निर्धास्त होतो. ती वेळ म्हणजे तोवरच्या वाहतुकीवरून बांधलेला अंदाज असतो. पुढे ट्रॉली उलटली, मेंढ्यांचा कळप आला, टायर बसलं की ५.३८ चे ५.४४ होतात, मग ५.५१. आकडा सरकतो तसा पाय दाबला जातो. त्यापेक्षा जुने मैलाचे दगड बरे होते असं मला वाटतं. पिवळ्या माथ्याचा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर खेड्याची सडक, आणि दर पाचव्या किलोमीटरला जरा मोठा दगड. दगड अंतर सांगतो आणि गप्प बसतो. तुम्ही कधी पोहोचाल हे तो सांगत नाही, आणि मिनिटामिनिटाला आपलं म्हणणं बदलतही नाही. आमच्या सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण गाडीत बसल्या की दगडांवरचे आकडे त्या मोठ्याने वाचत आणि दोन दगडांच्या मध्ये नवकार म्हणत. किती नवकार झाले ते त्यांना ठाऊक असे. किती वाजले ते कधी विचारत नसत.

समृद्धी महामार्गाने तर हे सगळं आणखी वाढवलं आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईपर्यंत खुला झाला. माळीवाड्याला उतरलं की आपण घरच्या वाटेला. १२० च्या वेगाने अर्ध्या मिनिटाला एक किलोमीटर कमी होतो, आकडा झरझर उतरतो, बघायला बरं वाटतं. मग घरोघरी असा बेत होतो की दुपारी नागपुरात जेवून निघू आणि चौविहाराला घरी. कागदावर बसतं. पण त्या बेतात कुणी लघवीला थांबत नाही, कुणाला उलटी होत नाही, चालवणाऱ्याला झोप येत नाही. सरळ रस्त्यावर डोळे उघडे ठेवून मन झोपतं, हे त्या रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. शिवाय तो रस्ता मधेच थांबण्यासाठी बांधलेला नाही, ठरलेल्या जागीच थांबता येतं. सुरुवातीच्या काळात तर खाण्यापिण्याच्या सोयी जवळजवळ नव्हत्याच. एवढ्या लांबून यायचं असेल तर डिसेंबरात घरी जेवायचा हट्ट सोडून द्यावा. नाही तर सकाळीच निघावं.

इथवर आलेच आहे तर या "किती राहिलं" ची दुसरी बाजूही मांडते. ती मला जास्त आवडते आणि तिच्याबद्दल आपण फारच कमी बोलतो.

आपल्या धर्मात अंतर मोजण्याचं स्वतंत्र व्रत आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतलं सहावं, दिशापरिमाण. पूर्वेला एवढं, पश्चिमेला एवढं, वर एवढं, खाली एवढं, याच्या पलीकडे मी जाणार नाही. दहावं देशावकाशिक, त्यात तीच मर्यादा एका दिवसापुरती आणखी आवळायची. रोजच्या चौदा नियमांतही वाहन आहे आणि दिशा आहे. म्हणजे आज किती वाहनांत बसेन आणि किती लांब जाईन, हे सकाळीच ठरवायचं. दुनिया विचारते पोहोचायला किती राहिलं. हे व्रत विचारतं की तू ठरवलेल्या हद्दीला किती राहिलं.

आणि या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत ते वाचून मी थक्क होते. वरच्या, खालच्या आणि तिरक्या दिशेची मर्यादा ओलांडणं हे तीन तर सरळच आहेत. चौथा क्षेत्रवृद्धी. म्हणजे पूर्वेची पन्नास वापरली नाहीत, तर ती उचलून पश्चिमेत मिळवणं. किती ओळखीची लबाडी आहे ही! मुलांचे मोबाईलचे तास ठरवून दिले की ते हेच करतात, कालचे राहिलेले आज. पाचवा त्याहून मोठा, स्मृती हरवणं. आपण किती ठरवलं होतं, किती आलो, हे विसरणं. प्रतिक्रमणात आपण हे सारे भराभर म्हणून जातो. विसरणं हासुद्धा दोष धरला आहे. म्हणजे आपण कुठवर आलो याचं भान ठेवणं हाच व्रताचा एक भाग झाला.

इथे गाडीतलं मीटर मदत करेल असं वाटतं, पण ते फसवतं. मीटर सगळं एकत्र मोजतं. चाळीस किलोमीटर गेलात आणि चाळीस परत आलात तर ते ऐंशी दाखवेल, तुमची दिशा मात्र चाळीसचीच झाली. गावातल्या गावात दहा फेऱ्या मारल्या तरी मीटर वाढेल आणि हद्द तिथेच राहील. नकाशाचा आकडा रस्त्याच्या वळणांनी जातो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मर्यादा कशाने बांधायची ते सांगितलं आहे. समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, देश, आणि मग योजनं. नावं आधी, आकडा शेवटी. मी स्थानकवासी घरातली, पण दिगंबर परंपरेतली ही गोष्ट मला मनापासून पटते. नाव लक्षात राहतं. "पूर्वेला वेरूळपर्यंत, पश्चिमेला शिऊर बंगल्यापर्यंत" असं चातुर्मासात ठरवलं की मीटरही लागत नाही आणि मोबाईलही. वेरूळच्या लेण्यांची पाटी दिसली की आपोआप कळतं, आता बस. बत्तिसाव्या लेण्यातल्या इंद्रसभेत दर्शन घ्यावं आणि मागे फिरावं.

कुणी म्हणेल, हे व्यापाऱ्यांच्या काळातलं व्रत, आता मुलं पुण्या-बंगळुरूला, लेक अमेरिकेत, दिशा कशी बांधणार? आनंद श्रावकाची मर्यादा आठवा. दूरदेशी जाणारे पाचशे गाडे आणि जवळच्या वाहतुकीचे पाचशे, वर जहाजं वेगळी. एवढा पसारा ठेवूनही भगवंतांनी त्याला श्रावक म्हटलं, कारण त्याने पाचशेवर रेघ ओढली. तुम्हीही भारतभर ठेवा, लेकीसाठी अमेरिका ठेवा, पण रेघ ओढा. आणि एखाद्या दिवशी, अष्टमी-चतुर्दशीला, देशावकाशिकात ती रेघ गावाच्या वेशीवर आणा. गाडीची किल्ली खुंटीवर राहू द्या. त्या दिवशी किती राहिलं हा प्रश्नच उरत नाही, आणि घरातली कामं किती भराभर उरकतात ते बघा. निम्म्या फेऱ्या उगाचच्या असतात. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी काढलेल्या गाडीचं तर मी बोलतच नाही.

आता हिवाळ्याच्या संध्याकाळकडे परत येते, कारण व्याख्यान ऐकून झाल्यावर जाऊबाईंनी विचारलेला प्रश्न खरा होता. "ते सगळं ठीक आहे गं, पण पोरं भुकेने रडतात आणि मामंजींना साखरेचा त्रास आहे, त्यांना उपाशी कसं ठेवायचं?" ठेवायचंच नाही. उपाशी राहण्याची गोष्ट धडधाकट मोठ्यांसाठी. मधुमेह असलेल्यांनी तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीची अन्नाची सुट्टी घेऊच नये, इन्शुलिन चालू असेल तर अजिबात नाही. त्यांच्यासाठी आणि लेकरांसाठी डबा लागतो. डबा म्हणजे कमीपणा, लग्नाला जाऊन आलेली माणसं रस्त्यात बसून कसली खातात, असं वाटणाऱ्या बायका अजून आहेत. आपल्या आज्या डब्याशिवाय एसटीत पाऊल ठेवत नव्हत्या.

आमच्याकडे ठरलेलं असं आहे. निघण्याआधी त्या दिवसाचा आपल्या गावचा सूर्यास्त पाहायचा आणि त्याच्या पाऊण तास आधी, घर दोन किलोमीटरवर असो की चाळीस, चांगल्या जागी गाडी बाजूला घ्यायची. जागाही आधीच बघून ठेवलेली असते. पेट्रोलपंपाचं आवार किंवा एखाद्या मंदिरासमोरची मोकळी जागा, रस्त्याच्या कडेला कधीच नाही. डब्यात दुधातल्या दशम्या, मेथीचे खाकरे, मुगाची सुकी डाळ, लेकरांसाठी गुळाची पोळी. उकळून थारलेलं पाणी स्टीलच्या बाटलीत. चालत्या गाडीत खायचं नाही, कारण चालत्या गाडीत सांडतं, आणि सांडलेल्यावर रात्री मुंग्या येतात. पंधरा मिनिटांत सगळ्यांचं होतं. जागा झाडायची, पच्चक्खाण घ्यायचं, डबा आणि पाण्याच्या बाटल्या मागच्या डिकीत टाकायच्या म्हणजे सवयीने हात जात नाही. मामंजींची साखरेची गोळी आणि खडीसाखर तेवढी पुढच्या कप्प्यात राहते. मग गाडी चालू करायची. पुढे ट्रॅक्टर असला तर त्याच्या मागे त्याच्या वेगाने, तो वळेपर्यंत.